जुनी पिकअप, नवे गणित

प्रतिनिधी

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे फेरी मारली, की शहराचे पोट कोणत्या वाहनांवर चालते ते ध्यानात येते. गावोगावचा माल घेऊन आलेले मोठे ट्रक रात्रीतूनच रिकामे होतात. त्यानंतर गाळ्यांसमोर रांग लागते ती पिकअप, ‘छोटा हत्ती’ आणि तत्सम लहान टेम्पोंची. कोणी भाजी भरतो, कोणी फळांच्या पेट्या. दिवस उजाडेपर्यंत हा माल उपनगरांतील मंडयांत, हॉटेलांत आणि सोसायट्यांच्या दारात पोहोचलेला असतो. नवी मुंबईच्या वाशी बाजारात आणि दादरच्या फूलबाजारातही हेच दृश्य दिसते. या रांगेतील गाड्या न्याहाळल्या तर कोऱ्या थोड्या आणि हात बदललेल्या पुष्कळ आढळतात. हौद्याला पडलेले पोचे, दारावरचे जुन्या मालकाचे अर्धवट खरवडलेले नाव आणि नव्याने लावलेला देवाचा फोटो त्याची साक्ष देतात.

पिकअप जुनी घ्यावी की नवी, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. मात्र ज्याच्या घरात मिळवता माणूस एक आणि कमाईचे साधनही एकच, त्याच्या दृष्टीने तो पुढच्या पाच वर्षांच्या संसाराचा प्रश्न असतो. मोटार चुकीची निवडली तर मनस्ताप होतो. पिकअप चुकीची निवडली तर चूल विझते. एवढी वर्षे या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ठरलेले होते. भांडवल कमी असेल तर जुनी घ्यावी, असे अड्ड्यावरचा कोणताही चालक सांगत असे. २०२५ या एका वर्षात करांविषयीचे दोन निर्णय झाले आणि हे ठरलेले उत्तर पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आली. जुन्या गाडीचे फायदे आजही आहेत. पण ते पूर्वीसारखे सरसकट राहिलेले नाहीत.

पहिल्या मालकाने सोसलेली घट

मे २००५ मध्ये टाटा मोटर्सची ‘एस’ सुमारे सव्वादोन लाख रुपयांना बाजारात आली आणि तोपर्यंत तीनचाकी टेम्पोवर भागवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला चारचाकी मालवाहनाची स्वप्ने पडू लागली. पुढे महिंद्राच्या पिकअप गाड्यांनी या बाजारात पाय रोवले. २०११ मध्ये अशोक लेलँडची ‘दोस्त’ आणि २०१६ मध्ये मारुतीची ‘सुपर कॅरी’ दाखल झाली. शहरांत अवजड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी असल्याने माल घरपोच नेण्याचे काम या लहान गाड्यांकडेच आले. नव्या गाड्यांची विक्री वाढली तसा काही वर्षांच्या अंतराने जुन्या गाड्यांचा साठाही वाढला. आज जुन्या पिकअपच्या बाजारात निवडीला जो वाव आहे, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

वाहन कोणतेही असो, त्याची किंमत सर्वांत वेगाने घसरते ती सुरुवातीच्या वर्षांत. विमा कंपन्या वाहनाची विमा रक्कम ठरवताना जे घसाऱ्याचे कोष्टक वापरत आल्या आहेत, ते या दृष्टीने बोलके आहे. सहा महिने ते एक वर्ष वयाच्या वाहनाला १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा धरला जातो. बाजारभाव या कोष्टकाबरहुकूम चालत नाही. मागणी असलेली गाडी त्याहून चढ्या दराने विकली जाते, नको असलेली मातीमोल होते. तरीही सूत्र तेच राहते: किमतीतील मोठी घट पहिल्या मालकाच्या वाट्याला येते, तर दुसरा मालक गाडी घेतो तेव्हा उताराचा तीव्र भाग संपलेला असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख रुपयांना पडलेली पिकअप पाच वर्षांनी पाच लाखांना विकली गेली, तर पहिल्या मालकाला केवळ घसाऱ्यापोटी वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला ८,३०० रुपयांहून अधिक मोजावे लागले. तीच गाडी दुसऱ्याने पाच लाखांना घेतली आणि आणखी पाच वर्षे वापरून दोन लाखांना विकली, तर त्याचा घसारा महिन्याला पाच हजार रुपये होतो. पोती दोघांनी सारखीच वाहिली आणि भाडेही दोघांना एकाच दराने मिळाले. ग्राहक भाडे ठरवताना गाडीचे वय विचारत नाही. माल वेळेवर आणि कोरडा पोहोचला म्हणजे त्याचे काम झाले. मोटारगाडी आणि मालवाहू गाडी यांच्या खरेदीतील मूलभूत फरक हाच आहे.

दोन निर्णय, दोन दिशा

हे गणित पहिल्यांदा हलले ते वस्तू आणि सेवा कराच्या फेररचनेने. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत साडेसात लाख रुपये असलेली पिकअप पूर्वी करासह ९ लाख ६० हजारांना पडत असे. आता ती ८ लाख ८५ हजारांना पडू शकते. एका फटक्यात ७५ हजार रुपयांचा फरक पडला. त्याआधी जून २०२५ मध्ये टाटांनी ‘एस प्रो’ ही गाडी पेट्रोल आवृत्तीसाठी ३ लाख ९९ हजार रुपये, या आरंभीच्या किमतीत आणली होती. चार लाखांच्या आत कोरी चारचाकी मिळू लागली, तर सात-आठ वर्षे वापरलेल्या छोट्या टेम्पोला तीन-साडेतीन लाख का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरा निर्णय राज्याचा होता आणि त्याची दिशा उलटी होती. राज्याच्या २०२५च्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहनांवर किमतीच्या सात टक्के एकरकमी कर प्रस्तावित झाला आणि १ जुलै २०२५ पासून तो लागू झाला. नऊ लाखांच्या गाडीवर हा कर ६३ हजार रुपये होतो. वर्षाकाठी थोडा थोडा भरायचा कर आता गाडी घेतानाच भरावा लागतो. दीर्घकाळाचा हिशेब मांडला तर हा बोजा पसरतो. पण ज्याच्याकडे सुरुवातीला उभी करायची रक्कमच तुटपुंजी आहे, त्याला ६३ हजार रुपये पहिल्याच दिवशी लागतात. केंद्राने एका हाताने जे दिले, त्यातील बराच भाग महाराष्ट्रातील खरेदीदाराच्या खिशातून राज्याने दुसऱ्या हाताने घेतला, असे म्हणता येईल.

जुन्या गाडीच्या व्यवहारावरही कर आहे, मात्र त्याचे स्वरूप निराळे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या वाहनांवरील कराचा दर सरसकट १८ टक्के करण्याचे ठरले, तेव्हा मोठा गोंधळ उडाला. हा कर नोंदणीकृत विक्रेत्याला मिळणाऱ्या फरकावर आहे, गाडीच्या संपूर्ण किमतीवर नव्हे. चार लाखांना घेतलेली गाडी विक्रेत्याने साडेचार लाखांना विकली, तर ५० हजारांच्या फरकावर कर बसतो. तो नऊ हजार रुपये होतो. एका सामान्य व्यक्तीने दुसऱ्या सामान्य व्यक्तीला गाडी विकली तर हा कर लागतच नाही.

येथे खरेदीदारांचे दोन वर्ग पडतात. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने आपल्या व्यवसायासाठी नवे मालवाहन घेतले, तर त्यावर भरलेला कर तो सर्वसाधारणपणे आपल्या देय करातून वळता करून घेऊ शकतो. त्याच्या दृष्टीने नव्या गाडीची खरी किंमत आणखी उतरते. भाजीविक्रेता, पाण्याचे जार पोहोचवणारा, मंडप किंवा केटरिंगचे सामान वाहणारा आणि अड्ड्यावर भाडे शोधणारा चालक यांच्यापैकी अनेकांची अशी नोंदणी नसते. त्यांना या सवलतीचा उपयोग नाही. जुन्या पिकअपचा फायदा आज उरला आहे तो प्रामुख्याने या दुसऱ्या वर्गासाठी.

हप्ता आणि मंदीचे महिने

या वर्गाच्या बाबतीत किमतीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मासिक हप्ता. पुन्हा उदाहरणच घ्यायचे, तर दहा लाखांच्या नव्या गाडीसाठी दीड लाख रुपये हातचे घातले आणि साडेआठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १८ हजार रुपये बसतो. पाच लाखांच्या जुन्या गाडीसाठी तेवढेच दीड लाख घालून साडेतीन लाखांचे कर्ज घेतले, तर व्याजदर १५ टक्के धरूनही चार वर्षांच्या मुदतीचा हप्ता ९,७५० रुपयांच्या आत राहतो. जुन्या गाडीवरील कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो, ही तक्रार खरी आहे. मात्र मुद्दलच निम्म्याहून कमी असल्यामुळे एकूण व्याज कमी भरावे लागते: नव्या गाडीवर पाच वर्षांत सुमारे २ लाख ३३ हजार, जुन्या गाडीवर चार वर्षांत सुमारे १ लाख १७ हजार.

दरमहा वाचणाऱ्या या आठ हजारांचे मोल कळते ते धंदा मंदावल्यावर. मालवाहतुकीचे भाडे बारमाही सारखे नसते. गणपती ते दिवाळी आणि लग्नसराईत गाडीला उसंत नसते, तर भर पावसाळ्यात ती अड्ड्यावर दिवसचे दिवस उभी राहते. हप्त्याला मात्र हंगाम नसतो. १८ हजारांचा हप्ता असलेला चालक मंदीत पडेल ते भाडे घेतो, क्षमतेबाहेर माल भरतो, रात्र-रात्र जागून फेऱ्या करतो, आणि तरीही दोन-तीन हप्ते थकले की वसुलीचा माणूस दारात उभा राहतो. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांच्या गाडीवर कर्ज नव्हते किंवा थोडे होते, त्यांतील अनेकांनी तीच गाडी भाजी-फळे घेऊन सोसायट्यांच्या दारात उभी केली आणि ते दिवस काढले. जड हप्त्याखाली असलेल्यांना ही उसंत नव्हती. जुनी पिकअप मालकाला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य देते, हा तिचा सर्वांत मोठा फायदा असून कोणत्याही जाहिरातीत तो सांगितला जात नाही.

अर्थात वाचलेले आठ हजार खर्चून टाकायचे नसतात. जुन्या गाडीला क्लच, टायर, बॅटरी, पाटे यांपैकी काही ना काही लागतच राहते. खरेदीच्या वेळीच पन्नास हजार रुपये बाजूला ठेवणे आणि दरमहा तीन-चार हजार त्यात भरत जाणे, हा जुन्या गाडीच्या किमतीचाच भाग समजला पाहिजे. ज्याला ही शिस्त पाळणे शक्य नाही, त्याने जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. नव्या गाडीचा हप्ता निदान आधी ठाऊक असतो; जुन्या गाडीचे इंजिनकाम पूर्वसूचना देऊन येत नाही.

गल्लीतला मिस्त्री आणि उद्याचे इंधन

१ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्याआधीच्या ‘स्टेज ४’ डिझेल पिकअप आणि नंतरच्या गाड्या यांत दुरुस्तीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. आधीच्या गाड्या गल्लीतला मिस्त्री आवाजावरून ओळखतो आणि हत्यारांच्या पेटीवर भागवतो. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारी यंत्रणा, तिला जोडलेले सेन्सर आणि संगणकीय नियंत्रण आहे. बिघाड शोधायलाच स्कॅनर जोडावा लागतो. एप्रिल २०२३ मध्ये निकषांचा दुसरा टप्पा आल्यावर ही यंत्रणा अधिक काटेकोर झाली. थोडे थांबत, थोडे चालत होणाऱ्या शहरी फेऱ्या या यंत्रणेला फारशा मानवत नाहीत, असा अनेक चालकांचा अनुभव आहे. दुरुस्तीचा स्वस्तपणा हा जुन्या, साध्या गाडीचा फायदा ठरतो. त्याची दुसरी बाजूही आहे: या गाड्यांचा धूर शहराच्या फुप्फुसात जातो आणि म्हणूनच धोरणाचा रोख त्यांच्यावर आहे.

हा रोख कोठवर जाईल, याचा अंदाज बांधणे कठीण आहे. मुंबईतील हवेच्या प्रश्नावर सुनावणी करताना जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, याचा अभ्यास करण्यास सांगितले आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल वाहनांबाबत गेली दहा वर्षे जे घडले, ते सर्वांसमोर आहे. दुसरीकडे सीएनजीच्या आणि विजेवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्या बाजारात येऊन स्थिरावत आहेत. विजेची ‘एस’ मे २०२२ मध्ये सादर झाली. अशा संक्रमणाच्या काळात दहा लाख रुपये एकाच इंधनावर दीर्घकाळासाठी गुंतवणे हीसुद्धा एक जोखीमच आहे. चार-पाच वर्षे चालवण्याच्या हेतूने घेतलेली जुनी गाडी ही जोखीम निम्म्यावर आणते. तोवर विजेच्या गाड्यांच्या किमती, चार्जिंगची सोय आणि बॅटरीचे आयुष्य यांचे चित्र बरेच स्पष्ट झालेले असेल.

आठ आणि दहा वर्षांच्या रेषा

मग किती जुनी गाडी घ्यावी? याचे उत्तर बाजारापेक्षा नियमांत अधिक सापडते. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘पासिंग’, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. आठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यावसायिक वाहनांना महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. पूर्वी १५ वर्षांनंतर वाढणारे तपासणी शुल्क नोव्हेंबर २०२५ मधील केंद्राच्या अधिसूचनेने दहा वर्षांपासूनच टप्प्याटप्प्याने वाढवले आहे. तपासणीही आता स्वयंचलित केंद्रांकडे सोपवली जात आहे. ब्रेक आणि धूर यंत्राने मोजले जाऊ लागले, की ओळखीने पासिंग करून घेण्याचे दिवस संपतात. वाहन मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले, त्याचा गाभा हाच आहे: गाडी केवळ वयामुळे बाद होत नाही, ती तपासणीत नापास झाली म्हणजे बाद होते.

या रेषा एकत्र पाहिल्या तर निष्कर्ष सरळ निघतो. तीन ते सहा वर्षांची गाडी हा आज जुन्या पिकअपच्या बाजारातील फायद्याचा पट्टा आहे. तीन वर्षांच्या आतील गाडीचा भाव जीएसटी कपातीनंतर नव्या गाडीच्या फार जवळ पोहोचतो. आठ वर्षांपुढील गाडी स्वस्त दिसते. पण वार्षिक तपासणी, कर, शुल्क आणि तपासणीच्या दिवशी बुडणारे भाडे यांत ती स्वस्ताई विरघळते. बारा-तेरा वर्षांची गाडी दीड लाखात मिळते म्हणून घेणारा प्रत्यक्षात गाडी घेत नाही, तिच्या मोडीचा ताबा घेतो.

जीएसटी कपातीने खरेदीदाराच्या हातात घासाघीस करण्याचे एक हत्यारही दिले आहे. नवी गाडी ७५ हजारांनी स्वस्त झाली असेल, तर त्याच प्रकारच्या जुन्या गाडीचा भावही त्या प्रमाणात उतरला पाहिजे. कपातीपूर्वीचे भाव मनात धरून बसलेल्या विक्रेत्याला नव्या गाडीचे आजचे दरपत्रक दाखवणे, ही भाव ठरवण्याची पहिली पायरी होय.

कागद कोणाच्या नावावर?

जुन्या पिकअपच्या व्यवहारात लोखंडापेक्षा कागद अधिक दगा देतात. मुद्रांकावर करारनामा करायचा, पैसे मोजायचे, किल्ली घ्यायची आणि नोंदणी ‘नंतर बघू’ म्हणून सोडून द्यायची, ही पद्धत आजही सर्रास आढळते. तिची किंमत दोघांनाही मोजावी लागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. त्या प्रकरणातील गाडी तर एकामागून एक अनेक हातांत गेली होती. तरीही जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. विकून विसरलेली गाडी वर्षांनंतर न्यायालयाची नोटीस घेऊन परत येऊ शकते, ती अशी.

खरेदीदाराचा धोका विम्यात आहे. गाडी हस्तांतरित झाल्यावर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे विमा संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जाते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला मात्र हे लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटले आहे. विम्याचा करार नव्या मालकाच्या नावे झालेला नसेल, तर उलटलेल्या किंवा चोरीस गेलेल्या गाडीची भरपाई नाकारली जाऊ शकते. मोटार वाहन कायद्यानुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणाची सूचना परिवहन कार्यालयाला द्यायची असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. कर्ज फिटले असल्यास बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. विम्याच्या हस्तांतरणासाठी खरेदीदाराला १४ दिवसांची मुदत आहे. जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी एप्रिल २०२३ पासून वेगळे नियम लागू झाले असून, गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना दिली, की तेवढ्या काळापुरती जबाबदारी त्याच्यावर येते.

गाडी परराज्यातील असेल तर आणखी सावध राहायला हवे. दिल्ली परिसरातून स्वस्तात आलेल्या गाड्यांचे आकर्षण मोठे असते. पण तेथील कार्यालयाचा ना-हरकत दाखला, महाराष्ट्रात नव्याने क्रमांक घेणे आणि येथील कर भरणे हा सारा खर्च किमतीत धरला, तर बरेचसे आकर्षण ओसरते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवली आहे का, थकीत ई-चलने किती आहेत, कर कोठवर भरला आहे आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, हे तपशील पैसे देण्यापूर्वी ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर तपासून घेता येतात. पाच मिनिटांचे हे काम पाच महिन्यांचे हेलपाटे वाचवते.

या बाजारातील काही नियम छोट्या मालकाच्या बाजूचे आहेत, हेही नोंदवले पाहिजे. भारासह एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहनाला कायद्याने परवाना लागत नाही. हलके वाहन चालवण्याचा परवाना असलेला चालक साडेसात हजार किलोच्या आतील मालवाहन चालवू शकतो, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले. घरातील दुसऱ्या माणसाने अडीअडचणीला स्टिअरिंग हाती घेण्यातील कायदेशीर धास्ती त्यामुळे बरीच कमी झाली.

लोखंडाची परीक्षा

कागद चोख असले तरी गाडी चोख असतेच असे नाही. मोटारगाडी पाहण्याची नजर पिकअपला चालत नाही. येथे रंग आणि बैठकी दुय्यम आहेत. चेसिसला जोड दिलेला आहे का, पाटे बसले आहेत का, हौद्याचा तळ गंजून पातळ झाला आहे का, हे आधी पाहावे लागते. मीटर मागे फिरवता येतो. पण पेडलवरचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड खोटे बोलत नाही. गाडी पूर्वी काय वाहत होती, हा प्रश्न तर विचारलाच पाहिजे. वाळू, खडी किंवा सळया वाहिलेल्या गाडीने पाच वर्षांत दहा वर्षांचे आयुष्य भोगलेले असते. बेकरीचा किंवा औषधांचा माल वाहिलेली तेवढ्याच वयाची गाडी तरुण असते. मासळी वाहिलेल्या गाडीचा हौदा मिठाच्या पाण्याने आतून पोखरलेला असू शकतो. गाडी भर उन्हात गरम झाल्यावर नव्हे, तर सकाळी थंड असताना सुरू करून पाहावी आणि शक्य असल्यास माल भरून एखादा चढ चढवून पाहावा. ओळखीच्या मिस्त्रीला दिलेले हजार-दोन हजार रुपये हा या व्यवहारातील सर्वांत किफायतशीर खर्च ठरतो.

निवड कोणाची, कशासाठी?

सारांश असा, की २०२५ नंतरच्या बाजारात जुनी पिकअप म्हणजे निव्वळ स्वस्त पिकअप राहिलेली नाही. ज्याच्याकडे बांधलेले ग्राहक आहेत, रोजच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत आणि भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय आहे, त्याने नव्या गाडीचा विचार करणे अधिक शहाणपणाचे. त्याला गाडी बंद पडल्याने होणारा खोळंबा परवडणारा नसतो आणि हप्ता निभावण्याइतके उत्पन्न निश्चित असते. याउलट जो धंद्यात पहिले पाऊल टाकत आहे, ज्याचे भाडे हंगामावर अवलंबून आहे आणि ज्याला एक-दोन वर्षे चालवून पाहून मग ठरवायचे आहे, त्याच्यासाठी तीन ते सहा वर्षांची, कागदाने स्वच्छ आणि हलक्या मालावर चाललेली पिकअप हाच आजही सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. धंदा जमला नाही, तर अशी गाडी थोड्या तोट्यात विकून बाहेर पडता येते. नव्या गाडीच्या कर्जातून पहिल्या दोन वर्षांत बाहेर पडणे म्हणजे गाडीही जाणे आणि देणेही राहणे.

धोरणकर्त्यांनीही या वर्गाकडे पाहण्याची गरज आहे. जुन्या वाहनांवरील वाढते शुल्क हवेच्या दृष्टीने समर्थनीय आहे. पण मोडीत काढलेल्या व्यावसायिक वाहनाच्या बदल्यात नव्या वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची जी तरतूद आहे, तिचा लाभ नवी गाडी घेण्याची ऐपत असणाऱ्यालाच होतो. बारा वर्षांची गाडी सोडून पाच वर्षांची, कमी धूर सोडणारी गाडी घेणाऱ्या छोट्या चालकाला मात्र त्यातून काहीच मिळत नाही. हवा त्याच्या बदलानेही सुधारते. नव्याचे दार परवडत नाही आणि जुन्याचे दार शुल्काने अरुंद होत जाते, अशा कोंडीत तो सापडला, तर पहाटेच्या त्या रांगेतील काही गाड्या कमी होतील आणि त्यांच्यामागची काही घरेही अडचणीत येतील. शहराला भाजी तरीही मिळेल. फक्त ती आणणारा आपल्या गाडीचा मालक असेल की दुसऱ्याच्या गाडीवरचा रोजंदार, एवढाच प्रश्न उरेल.